झोपलेली गोळी

ज्या साली वर्नाच्या नेडीनचं लग्न ठरलं, ते साल अठ्ठावन्न. लग्न जानेवारीत होतं, नाताळ उरकला की. मुलगा वेन्डेल, एरी गावचा, रेल्वेत कामाला. पोर आता डोंगर सोडून सरोवराकाठी राहायला जाणार हे नक्की झालं होतं. म्हणूनच सप्टेंबरातल्या एका रविवारी, जेवणाची भांडी उचलल्यावर, तिनं घोंगडीत बांधलेली एक आखूड वस्तू आणून मामापुढे टेबलावर ठेवली.

हार्लन योस्टनं गाठ सोडली नाही. आत काय आहे ते त्याला गाठीवरूनच कळलं. ती गाठ त्यानंच मारली होती, नऊ वर्षांपूर्वी.

"बाबाची कार्बाइन," नेडीन म्हणाली. "मामा, जायच्या आधी हिनं हरणाचा एक नर मारायचाय मला. एकदाच. मग वेन्डेल म्हणेल तिथं राहीन आणि त्याच्या आईसारखा रस्सा करायला शिकेन."

"जुनी झाली ती. तुला माझी हलकी रायफल देतो. लांबची मारते, खांद्याला धक्का नाही."

"तुझी नको. हीच."

"गंजली असेल."

"मग गंज काढ. सगळ्या खोऱ्याच्या बंदुका नीट करतोस, भाचीचीच तेवढी होत नाही?"

वर्ना भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "दे रे दादा करून. क्लीटलाही बरं वाटलं असतं. तुझ्या हातची गोळी आणि त्याची कार्बाइन, दुसरं काही आवडायचं का त्याला?"

हार्लननं कॉफीचा पेला उचलला. तो रिकामा होता. तो तसाच तोंडाला लावून त्यानं खाली ठेवला आणि म्हणाला, "बघतो."

बेल्कर खोऱ्यात काडतूस विकत घेणारा माणूस म्हणजे पाहुणा किंवा आळशी. बाकीचे सगळे हार्लनकडे येत. कातड्याचा कारखाना बंद पडल्यापासून त्याचा दिवस तळघरातच जाई. कोळशाच्या भट्टीशेजारी त्याचं बाकडं, बाकड्याला आवळलेलं दाबाचं यंत्र, सोनाराला शोभेल असा लहान तराजू. लोक कॉफीच्या डब्यांतून रिकाम्या पुंगळ्या आणत. हार्लन त्या घासूनपुसून पुन्हा भरी. आधी मागे नवी टोपी बसवायची, मग दारू, मग शिशाची गोळी. पण एकाच्या पुंगळ्या दुसऱ्याच्या डब्यात तो कधी जाऊ देत नसे. बार उडाला की पितळ फुगतं आणि त्या बंदुकीच्या पोटाचा आकार घेतं. मग ते तिचंच. टोपीवर आपटणाऱ्या खिळीची खूणही प्रत्येकीची वेगळी. दहा बंदुकांच्या पुंगळ्या एकत्र ओतल्या तरी तो ज्याच्या त्याला वेगळ्या करून देई. लोक गमतीनं म्हणत, हार्लनला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पण पुंगळीला तो नावानं हाक मारतो.

क्लीटच्या कार्बाइनची खूण मधोमध कधीच पडत नसे. खाली डावीकडे, कडेला, नखासारखी.

क्लीट रूडी हा त्याच्या बहिणीचा नवरा. मोठा हसरा माणूस. तोंडात कायम बर्चच्या झाडाची कोवळी काडी चघळत असे, तो बोलला की समोरच्याला तिचा गोडसर वास येई. शिकारीच्या मोसमात ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचा मागचा शेव, म्हणजे खालची कड, कापून शिकाऱ्यांच्या छावणीच्या भिंतीला ठोकायचा, अशी तिथली रीत. त्या भिंतीवर निम्मे शेव क्लीटचे होते. वर्ना दर वर्षी नवे सदरे शिवी आणि म्हणे, "या माणसाला हरणं ओळखतात. ह्याला बघून उभी राहतात."

एकोणपन्नासच्या नोव्हेंबरात क्लीट घाईघाईनं आला. कार्बाइनचा चाप जड लागतोय, हलका करून दे, आणि काडतुसंही दे, सोमवारी मोसम उघडतोय. हार्लन एकाच वेळी दोन्ही कामं करत बसला. एका बाजूला चापाचे दाते दगडावर घासायचे, तेल लावायचं. दुसऱ्या बाजूला टोप्या बसवायच्या. हे त्यानं कधी केलं नव्हतं. नवशिक्याला तो पहिली गोष्ट हीच शिकवी की टोपीला तेलाचं बोट लावायचं नाही. टोपी म्हणजे ठिणगी. ठिणगीत तेल गेलं की ती मरते, किंवा त्याहून वाईट, अर्धी जगते. धुमसत राहते, आणि मनाला येईल तेव्हा दारू पेटवते.

एक टोपी बाकड्यावरून घरंगळली. त्यानं ती उचलली. उचलल्यावर बोटांकडे बघितलं. बोटं तेलानं चकाकत होती. ती टोपी बाजूला ठेवायची म्हणून त्यानं धरली, तेवढ्यात वरून क्लीट ओरडला, "झालं का रे म्हाताऱ्या? तुझी बहीण मला जेवायला घालणार नाही उशीर झाला तर." हार्लननं ती बसवून टाकली. मग दारू भरली, गोळी बसवली, आणि ते काडतूस बाकीच्यांत मिसळलं. कुठलं ते नंतर ओळखू येईना. सगळी मोडून पुन्हा करायची तर रात्र गेली असती. फार तर काय होईल, त्यानं मनाशी म्हटलं, एक बार फुसका जाईल. एक शेव आणखी लागेल भिंतीला.

सोमवारी सकाळी ते दोघे वरच्या कड्यावर बसले होते, एकमेकांपासून हाक मारता येईल इतक्या अंतरावर. बर्फ पडून थांबला होता. खालच्या हेमलॉकच्या झाडीतून नर आला. क्लीटनं नेम धरला, चाप ओढला. टक्. नुसतं टक्.

अशा वेळी नळी डोंगराकडे धरून ठेवायची, मनात सावकाश एकदा प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि मगच तिला हात लावायचा. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. क्लीटलाही ठाऊक होतं. पण त्याला हसू आवरलं नाही. कार्बाइनचा दस्ता बर्फात टेकवून, नळीवर हनुवटी ठेवल्यासारखा वाकून तो हार्लनकडे वळला आणि म्हणाला, "हार्लन, तुझी गोळी झोपली वाटतं."

मग बार उडाला.

वनखात्याचा माणूस आला, त्यानं बर्फातली मुळं बघितली आणि क्लीट पाय अडकून पडला, बंदूक उडाली असं लिहिलं. हार्लनला विचारलं, त्यानं होकाराची मान हलवली. पुंगळी रिकामी होती. रिकाम्या पुंगळीला कोण काय विचारणार? त्या दिवसापासून वर्ना दर रविवारी त्याला जेवायला बोलावी आणि कुणी आलं की सांगे, "त्यातल्या त्यात एवढं बरं की दादा जवळ होता. आपलं माणूस जवळ होतं." हार्लननं लग्न केलं नव्हतं. त्या टेबलाखेरीज त्याला दुसरं घर नव्हतं.

ऑक्टोबरात त्यानं गाठ सोडली.

कार्बाइन गंजली नव्हती. त्यानं ती पूर्ण उकलली. जुनी खीळ काढून नदीत टाकली आणि नवी घडवली, मधोमध आपटेल अशी. घोड्याचा दाब वाढवला. चाप मुद्दाम जड ठेवला. नवीन पुंगळ्या, नव्या दुकानातून नव्या टोप्या. टोप्यांना त्यानं हात लावलाच नाही. साबणानं धुतलेल्या चिमट्यानं एकेक उचलून बसवली. गोळ्या चपट्या नाकाच्या ओतल्या. या जातीच्या कार्बाइनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक पडून असतात, टोकदार नाक पुढच्याच्या टोपीवर टेकलं तर घात. सगळं केलं. आरशासारखं केलं.

मग तो आणि नेडीन कारखान्यामागच्या वाळूच्या उतारावर गेले. दुपारचं ऊन होतं. ओकची पानं तांबडी झाली होती.

पहिला बार हार्लननं मारला. टक् आणि बार यांच्यामध्ये काहीतरी होतं. नखाएवढी फट. दुसऱ्या कुणाच्या ती ध्यानातही आली नसती.

"दे इकडे," नेडीन म्हणाली. तिनं खांद्याला लावली, मारली. बार सरळ उडाला. पुन्हा मारली. पुन्हा सरळ. "लोण्यासारखी आहे, मामा."

त्यानं पुंगळ्या उचलून बघितल्या. नेडीनच्या दोन्हींवर खूण अगदी मधोमध होती. त्याच्या पुंगळीवर खाली डावीकडे, कडेला, नखासारखी.

तो घरी येऊन खीळ काढून बसला. ती सरळ होती. भोक सरळ होतं. त्यानं ठसा मेणावर घेतला, तो मधोमध आला.

नंतर तो एकटाच जाऊ लागला, दिवसाढवळ्या, जेवणाआधी. टोप्या बदलल्या, दारू बदलली. तीच काडतुसं त्यानं शेजाऱ्याच्या रायफलीत घालून बघितली, एकही अडखळलं नाही. कार्बाइनमध्ये, त्याच्या हातात, फट होतीच. आणि ती वाढत होती. आधी नखाएवढी, मग पापणी लवण्याएवढी. मग इतकी की चाप ओढल्यावर समोरचा ओढा ऐकू यायचा थांबला हे त्याला कळे. ओढा थांबे, कावळे थांबत, आणि मग बार उडे आणि ओढा पुन्हा वाहू लागे.

एक दिवस त्या फटीत वास आला. गोडसर, हिरवा. बर्चची काडी नुकती दातांत मोडावी तसा.

दुसऱ्या दिवशी कानाजवळ कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

हार्लन शास्त्र मानणारा माणूस. त्यानं स्वतःला सांगितलं, वय झालं, कान गेले, बारांच्या आवाजानं दडे बसलेत. कानात कापूस घालून त्यानं पुन्हा चाप ओढला. कापसातूनही ऐकू आलं.

"हार्लन—"

बार उडाला.

त्यानं आणखी एक काडतूस घातलं. का घातलं ते त्याला सांगता आलं नसतं. टक्. ओढा थांबला.

"हार्लन, तुझी—"

बार उडाला. पुढचे शब्द त्याला ठाऊक होते. ते मावायला अजून फारशी जागा लागणार नव्हती. त्यानं कार्बाइन पुसली, घोंगडीत बांधली, आणि पुन्हा चाप ओढला नाही.

त्या रविवारी त्यानं वर्नाला सांगायचं ठरवलं. सांगितलं तर पोर त्या कार्बाइनला हात लावणार नव्हती, एवढं नक्की. बीटच्या रसात मुरवलेली अंडी पुढे होती. डुकराचं मांस, आंबवलेली कोबी. नेडीन लग्नाच्या झग्यावरून आईशी भांडत होती.

"वर्ना," तो म्हणाला, "त्या कार्बाइनचं..."

"बिघडली का?"

"नाही. बिघडली नाही."

"मग?"

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. वर्नाच्या हातात वाढायचा चमचा होता, त्याच्याच ताटावर धरलेला.

"चाप जरा जड आहे," हार्लन म्हणाला. "पोरीला सांग, जोर लावून ओढ."

"मला सांग ना मग," नेडीन हसली. "इथंच तर बसलेय."

वर्नानं त्याच्या ताटात आणखी कोबी वाढली. तो जेवला. पोरीच्या हातात ती सरळ उडते, त्यानं मनाशी म्हटलं. मी शेजारी बसेन. मी चाप ओढणार नाही. मग कसली भीती?

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, सोमवारी, मोसम उघडला. छावणीतली मंडळी पहाटे नेडीनला चिडवत होती. एकानं कातरी काढून दाखवली, "ताई, सदरा कुठला घातलायस? महागाचा नाही ना?" ती म्हणाली, "भिंत भरलीय तुमची. बाबानं जागा ठेवली नाही कुणाला." सगळे हसले. हार्लन बूट बांधत राहिला.

ते वरच्या कड्यावर गेले. जागा नेडीननं निवडली. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. "इथंच ना?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली.

बर्फ पडून थांबला होता.

सूर्य हेमलॉकच्या वर आला तेव्हा नर आला. नेडीननं श्वास रोखला, नळीच्या टोकाची माशी नराच्या खांद्यामागे रोखली, चाप ओढला. बार सरळ उडाला. नर दोन उड्या मारून उतारावर, ओढ्याच्या काठाशी, कोसळला. पण मेला नाही. मान वर करून त्यांच्याकडे बघत पुढचे पाय हलवत राहिला.

ते जवळ गेले. नेडीनचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामा, तू संपव. मला नाही होत."

"तूच मार. तुझा आहे."

"माझ्या हातून चुकेल. तो बघतोय रे माझ्याकडे."

नर बघत होता. नेडीनच्या हातातून कार्बाइन हार्लनच्या हातात आली. एखाद्या जनावराला असं ताटकळत ठेवणं खोऱ्यात पाप समजतात. त्यानं तरफ मारून पुढचं काडतूस आत घेतलं, नळी खाली धरली आणि चाप ओढला.

टक्.

ओढा थांबला.

वास आला.

हार्लन नळी डोंगराकडे धरून उभा राहिला. स्वर्गातल्या आमच्या बापा, त्यानं सुरू केलं. तो ऐकत होता. कानाजवळ श्वास येईल म्हणून वाट बघत होता. श्वास आला नाही. काहीच आलं नाही.

मग मागून, भीती गेल्यावर माणसाला येतं तसं हसू येऊन, नेडीन म्हणाली,

"मामा, तुझी गोळी झोपली वाटतं."

तो वळला नाही. पण ती पुढे आली. हात पुढे करून, बापासारखीच, काय झालं ते बघायला. नळीच्या तोंडाशी.

हार्लननं कार्बाइन उराशी ओढली. दोन्ही हातांनी मिठी मारली, नळीचं तोंड स्वतःच्या बरगड्यांवर दाबून धरलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"मागे हो."

"मामा?"

"मागे हो म्हणतो ना."

त्यानं प्रार्थना पुरी केली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. बर्फातल्या नरानं मान टाकली. ओढा वाहू लागला.

बार उडाला नाही.

शेवटी त्यानं तरफ खाली केली. काडतूस बर्फात पडलं. टोपीवर खूण होती, खाली डावीकडे. त्यानं ते उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं, डाव्या बाजूला.

"ते कशाला ठेवतोस? ओढ्यात टाक."

"कुणाला सापडलं तर?"

"मग मोडून टाक घरी."

"बघतो," हार्लन म्हणाला.

त्यानं ते मोडलं नाही. बाकड्यावर चिमट्यात धरून बसला आणि पुन्हा खिशात ठेवलं. जानेवारीत लग्न झालं, नेडीन कार्बाइन घेऊन एरीला गेली, तिथं ती त्यांच्या दिवाणखान्यात टांगली. हार्लन रविवारी जेवायला यायचा, पण कोट बाहेर लाकडांच्या खोपटातल्या खिळ्याला टांगून यायचा, कडाक्याच्या थंडीतही.

"कोटाला काय भुतं लागलीत का?" वर्ना विचारी.

"ओला आहे," तो म्हणे.

मार्चात मेपलचा रस आटवायचे दिवस आले. वर्ना चुलीपाशी उभी राहून ढवळत होती. वार मंगळवार होता, तरी हार्लन आला. कोट त्यानं काढला नाही. टेबलापाशी, आपल्या जागेवर, बसला.

"ये इकडे चुलीपाशी. गारठलास."

"नको. तू तिथंच राहा, वर्ना. जवळ येऊ नकोस." मग म्हणाला, "क्लीटचं एक सांगायचं राहिलंय."

"सांग ना," वर्ना म्हणाली. रस उतू येत होता, तिला वळता येईना. तिनं त्याला श्वास घेताना ऐकलं. बोलायच्या आधी घेतात तसा. तो शब्द जुळवतोय असं वाटून ती थांबली, बराच वेळ थांबली. घरात बर्चचा वास येत होता. सरपणात एखादा ओंडका असेल, तिला वाटलं.

मग ती वळली.

डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं. अंगावर ओरखडा नव्हता. सदरा कोरा, कोटाचं अस्तर धड. वर्नानं खिसे रिकामे केले तेव्हा पाइप निघाला, चाकू निघाला आणि डाव्या बाजूच्या आतल्या खिशातून एक पुंगळी निघाली. तिचं तोंड काळं होतं. ती अजून कोमट होती, चुलीमुळे असेल. दादाच्या खिशात पुंगळ्या असायच्याच. तिनं ती खिडकीत ठेवली.

दफनाला आलेल्या नेडीननं ती उचलली, उलटी करून टोपीवरची खाली डावीकडची खूण बघितली, मग तोंडाकडून आत बघितलं.

"आई, यातली गोळी कुठाय?"

"कसली गोळी? रिकामीच होती ती."

नेडीननं पुंगळी पुन्हा खिडकीत ठेवली.

हार्लन योस्ट तीन मार्च एकोणीसशे एकोणसाठ रोजी, मंगळवारी दुपारी, बहिणीच्या स्वयंपाकघरात वारला.